मनीच्या पानांची यादी

‘कोसला’ शिकवायला घेतली की पहिल्या तासाला आम्ही फळ्यावर दोन शब्द लिहीत असू : इच्छा आणि अपेक्षा. दोहोंच्या मध्ये एक उभी रेघ. रेघेच्या एका बाजूला पांडुरंग सांगवीकर, दुसऱ्या बाजूला वडील, घर, गाव, शेती, लग्न, प्रतिष्ठा. मुले ते वहीत उतरवून घेत. परीक्षेत त्यावर प्रश्न येई, ठरलेली उत्तरे येत, आम्ही ठरलेले गुण देत असू. बरीच वर्षे हे असेच चालले. ती रेघ आम्ही चुकीच्या जागी ओढत आहोत, हे आमच्या लक्षात यायला एका विद्यार्थिनीचे शिक्षण थांबावे लागले. त्याविषयी थोडे सविस्तर लिहायचे आहे.

आम्ही म्हणजे दोघे. एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवतो आणि एकाच घरात राहतो. एम.ए.लाही एकाच वर्गात होतो. तेव्हा या लेखातला ‘आम्ही’ हा संपादकीय थाटाचा नव्हे, साधा अनेकवचनी आहे. जिथे दोघांचे अनुभव वेगळे होतात तिथे ते वेगळे सांगू. कारण ‘कोसला’ आम्ही दोघांनी एकाच वर्षी, २००१ साली, वाचली. पण वाचण्याच्या जागा निरनिराळ्या होत्या, आणि जागेने वाचनात किती फरक पडतो हे आम्हांला फार उशिरा कळले.

आमच्यातल्या एकाने ती वसतिगृहाच्या खाटेवर पडून वाचली. परीक्षा जवळ आलेली, मेसचे पैसे थकलेले, गावाहून वडिलांचे पत्र आलेले. त्या पत्रात पिकाची हालहवाल आणि शेवटी ‘अभ्यासाकडे लक्ष दे’. अशा वेळी पांडुरंग सांगवीकर हातात पडला, म्हणजे स्वतःचेच कोणीतरी आपल्या आधी लिहून ठेवले आहे असे वाटावे. पुढचे काही महिने ह्या गृहस्थांनी ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन शब्दांवाचून एक वाक्य धड बोलले नाही. मराठीच्या एम.ए.ला असलेल्या मुलांचा हा एक ठरलेला आजारच होता, हे वाचकांपैकी अनेकांना स्वानुभवाने ठाऊक असेल.

आमच्यातल्या दुसरीने ती घरी वाचली. दोन खोल्यांचे घर, संध्याकाळी पाहुणे, मधूनच ‘चहा ठेव गं’ अशी हाक. एम.ए.ला प्रवेश मिळाला तोच एका बोलीवर : मध्ये चांगले स्थळ आले तर नाही म्हणायचे नाही. तिलाही ‘कोसला’ आवडली. भाषेने झपाटून टाकले, हसू आले, काही पानांवर रडूही आले. पण पांडुरंगाचे रात्री-अपरात्री टेकडीवर भटकणे, खोलीत नुसते पडून राहणे, पैसे उडवणे, हे सारे तिने प्रवासवर्णन वाचावे तसे वाचले. देश सुंदर आहे, पण तिथे जाण्याचा परवाना आपल्याकडे नाही, अशा बेताने. ही गोष्ट तिने तेव्हा वर्गात बोलून दाखवली नाही. बोलायची असते हेही ठाऊक नव्हते. चर्चा अस्तित्ववादावर चालली होती.

*

‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचविशीत होते आणि त्यांचा निवेदकही पंचवीस वर्षांचा आहे. खानदेशातल्या सांगवी गावातल्या एका खात्यापित्या घरातला मुलगा पुण्यात शिकायला येतो. वसतिगृहात राहतो, मेसची आणि मंडळांची कामे अंगावर घेतो, मित्रांवर पैसे उधळतो, फसतो, नापास होतो आणि अखेर पदवीवाचून गावी परततो. कथानक म्हणून सांगायचे तर एवढेच. परंतु मराठी कादंबरीचे वळण बदलणाऱ्या मोजक्या पुस्तकांत ती गणली जाते, ती कथानकासाठी नव्हे.

युरोपीय समीक्षेत ज्याला बिल्डुंग्जरोमान म्हणतात, म्हणजे घडणीची कादंबरी, तिचा आद्य नमुना म्हणून गटेच्या ‘विल्हेल्म मायस्टर’चा (१७९५-९६) उल्लेख होतो. व्यापाऱ्याचा मुलगा घरचा धंदा सोडून नाटकाच्या नादी लागतो, भटकतो, चुकतो, शिकतो आणि शेवटी समाजात आपली जागा घेतो. भटकणे हा त्या घडणीचा पाया आहे. आपल्याकडे घडणीचा सर्वांत लोकप्रिय आराखडा मात्र निराळा होता. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यात मुलगा घडतो तो आईची अपेक्षा हीच स्वतःची इच्छा मानून. तिथे इच्छा आणि अपेक्षा यांच्यात रेघच नाही. किंवा ती आहे, पण प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी अश्रूंनी पुसली जाते.

पांडुरंगाचे तसे नाही. श्याम ज्या घरातून संस्कार घेऊन निघतो, त्याच जातीच्या घरातून पांडुरंग संशय घेऊन निघतो. वडिलांचा वचक, त्यांची गावातली प्रतिष्ठा, त्यांचा व्यवहारीपणा, या सगळ्याशी त्याचे भांडण आहे. पण हे भांडण नेमके कशासाठी, असे विचारले तर उत्तर देणे कठीण. त्याला नट व्हायचे नाही, कवी व्हायचे नाही, कोणा मुलीशी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करायचे नाही. त्याला अमुक एक हवे आहे असे कादंबरीभर कुठेच ठामपणे दिसत नाही. त्याला नको असलेल्या गोष्टींची यादी मात्र लांब आहे. त्याची ‘वगैरे’युक्त भाषा हे त्या नकाराचे हत्यार आहे. मोठी माणसे ज्या शब्दांवर भार देऊन बोलतात, त्या शब्दांना तो ‘वगैरे’चे शेपूट लावतो आणि त्यांतली हवा निघून जाते.

आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो ते हे : पांडुरंगाची इच्छा ही वस्तुविहीन आहे, आणि तीच तिची आधुनिकता. हे विधान आजही आम्हांला चुकीचे वाटत नाही. पण ते अपुरे होते. वस्तुविहीन इच्छा बाळगून काही वर्षे जगायला कोणाला मिळते, हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता. गावाहून पैसे येत होते. नापास होऊन परतल्यावरही घराचे दार उघडे होते. ज्या अपेक्षेविरुद्ध तो बंड करतो, तीच अपेक्षा त्याच्या बंडाचा खर्च चालवते. वडिलांना मुलगा हवा आहे, म्हणून मुलाला वडील नको असण्याची चैन परवडते.

*

२०१७ च्या जुलै महिन्यात बी.ए. भाग तीनच्या वर्गात हा प्रश्न विचारला गेला. आमचे महाविद्यालय कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आहे. भोवती ऊस, दोन साखर कारखाने, सकाळी आणि संध्याकाळी एस.टी.च्या पासाची गर्दी. मराठी विशेष विषय घेणाऱ्यांत मुलीच अधिक. त्यातली बरीचशी मुले-मुली घरातली पदवीपर्यंत पोचणारी पहिलीच.

त्या दिवशी मनीच्या मृत्यूचा भाग चालू होता. मनी ही पांडुरंगाची धाकटी बहीण. ती देवीच्या आजाराने जाते. एका मुलाने विचारले, “सर, देवी म्हणजे नेमकं काय?” वर्गात कोणालाच माहीत नव्हते. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९८० साली हा रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले. तेव्हा विशीतल्या मुलांनी तो शब्द केवळ देवळाशी जोडावा यात नवल नाही. आमच्या आईवडिलांच्या दंडांवर देवी काढल्याच्या खुणा आहेत, हे सांगून आम्ही पुढे गेलो. मनीच्या मृत्यूने पांडुरंगाचे उपहासाचे हत्यार कसे गळून पडते, अजिंठ्याच्या लेण्यांत तेच दुःख पुन्हा कसे वर येते, हे नेहमीचे विवेचन झाले. ते विवेचन आम्हांला प्रिय आहे. इतका वेळ जगाला वाकुल्या दाखवणारा निवेदक तिथे उघडा पडतो आणि त्याचे गद्यही बदलते. मराठीतल्या शोकाच्या मोजक्या अस्सल पानांत ती पाने आहेत, असे आमचे मत आजही आहे.

तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी थांबली. तिचे नाव इथे लिहीत नाही. वर्गात फारसे न बोलणारी, पण वाचून येणारी. म्हणाली, “मॅडम, मनी जगली असती तर?”

आम्ही म्हटले, “म्हणजे?”

“म्हणजे तिच्यावर कादंबरी झाली असती का? ती पुण्याला शिकायला गेली असती का? की पांडुरंग नापास झाला तेव्हा तिचं लग्न उरकलं असतं?”

मग थोडे थांबून म्हणाली, “मनी मेली म्हणून पांडुरंग मोठा झाला. जगली असती तर ती नुसती मोठी झाली असती.”

तिची शेवटची एस.टी. साडेपाचला होती. ती गेली. आम्ही स्टाफरूममध्ये बसून राहिलो.

त्या रात्री आम्ही दोघांनी घरातल्या कपाटासमोर उभे राहून घडणीच्या मराठी कादंबऱ्या आठवायला सुरुवात केली, आणि तिच्या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येत गेली. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) घ्या. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी, त्याचे शिरोडकरवरचे पहिले प्रेम. अत्यंत हळुवार, प्रामाणिक कादंबरी. तिच्याही शेवटी शिरोडकर त्या गावातून निघून जाते आणि जोशी मागे राहतो, थोडा मोठा होऊन. शिरोडकरचे पुढे काय होते हे कादंबरीला माहीत नाही, कारण ते जोशीला माहीत नाही. मनी मरते, शिरोडकर जाते. मुलगे मोठे व्हावेत म्हणून मुली कथेतून बाहेर पडतात. लेखकांना दोष देण्याचा हेतू नाही. प्रथमपुरुषी निवेदनात निवेदकाला जे दिसत नाही ते लेखकाने दाखवू नये, हे आम्हीच शिकवतो. पण एकामागून एक निवेदकांना तेच दिसत नसेल, तर ते न दिसणे ही केवळ निवेदनाची अट राहत नाही.

मग मुली मराठीत मोठ्या होतात तरी कुठे? आम्हांला जी पुस्तके आठवली त्यांत आधी आत्मचरित्रे आली. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०). १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न न्यायमूर्तींशी झाले, अक्षरओळख त्यानंतरची. पतीची अपेक्षा ही की पत्नीने शिकावे, आणि घरातल्या बायकांची अपेक्षा ही की तिने शिकू नये. दोन अपेक्षांच्या मध्ये उभ्या असलेल्या त्या मुलीची स्वतःची इच्छा कोणती, हे शोधायला ते पुस्तक फार सावकाश वाचावे लागते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ही तशीच : १८८० साली लग्न, १८९५ साली पतीचे धर्मांतर, पाच वर्षांनी स्वतःचे. त्यांची सारी विलक्षण घडण लग्नानंतरची आहे. घडणीच्या कादंबरीत मुलगा जी वर्षे भटकण्यात घालवतो, ती वर्षे या मुलींच्या वाट्याला आलीच नाहीत. त्यांना जे काही व्हायचे ते दुसऱ्याच्या घरात जाऊन व्हायचे होते.

आणि विभावरी शिरूरकर. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ सालचे, म्हणजे ‘कोसला’च्या तीस वर्षे आधीचे. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, अविवाहित मुलींच्या इच्छांविषयी इतके उघड त्यापूर्वी कोणी लिहिले नव्हते. गदारोळ उठला, लेखिका कोण याचा शोध सुरू झाला, टोपणनाव हेच काय ते संरक्षण होते. पण त्या पुस्तकाचे रूप पाहा : कथा. सुटे सुटे, छोटे, दाबलेल्या श्वासासारखे. तिथल्या मुलींची इच्छा नेहमीच कशाची तरी इच्छा असते. प्रेमाची, घराची, सोबतीची, मुलाची. तिला नाव असते, आणि ती नाव घेऊन पुढे येते म्हणूनच तिच्यावर खटला भरता येतो. काहीच नक्की नको-हवे नसताना नुसते असणे, दुपारभर पडून राहणे, रात्री उगाच चालत सुटणे, ही मुभा त्या मुलींपैकी एकीलाही नाही.

*

इथपर्यंतचे सारे आम्ही त्या ऑगस्टमध्ये उत्साहाने टिपून काढले. चर्चासत्रासाठी निबंध होईल असे वाटत होते. मुलीला बोलावून सांगितलेही, की तुझ्या प्रश्नातून केवढे तरी निघाले आहे. ती लाजून हसली. ग्रंथालयातली ‘कोसला’ तिने पुन्हा नावावर करून नेली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. नोव्हेंबर संपता संपता तिचे वडील आले, दाखला न्यायला. पांढरा सदरा, हातात पिशवी, अतिशय नम्र माणूस. कार्यालयातून त्यांना विभागात पाठवले होते, कारण ग्रंथालयाचे एक पुस्तक येणे बाकी होते. ती बरोबर होती. दाराशी उभी.

“सर, स्थळ चांगलं आलंय. मुलगा कंपनीत आहे. देण्याघेण्याचं काही नाही. पुढं शिकवू म्हणतात.”

आम्ही म्हटले, “भाऊ, एकच वर्ष राहिलंय. तेही अर्धं झालंय. पदवी तरी होऊ द्या.”

ते ऐकून घेत होते. मग त्यांनी अगदी सरळपणे विचारले, “पदवी घेऊन ती पुढं काय करणार आहे, सर?”

हा प्रश्न टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. तिला पोलीस भरतीला बसायचे असते, डी.एड. करायचे असते, बँकेच्या परीक्षा द्यायच्या असत्या, तर ते कदाचित थांबले असते; निदान बोलणे पुढे सरकले असते. त्यांनी मुलीकडे पाहिले, आम्हीही पाहिले. ती काही बोलली नाही. आमच्याकडेही उत्तर नव्हते. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेल्या मुलीने आमच्या तालुक्यात पुढे काय करायचे, याचे उत्तर आम्ही वर्गात कधी दिले नव्हते आणि त्या दिवशीही देता आले नाही. आमच्यातला एक खिडकीबाहेर पाहू लागला. आमच्यातली एक म्हणाली, “बाहेरून फॉर्म भर हं. परीक्षा देता येते.” त्या वाक्याचा अर्थ त्या खोलीतल्या चारही माणसांना कळला होता.

वडील कार्यालयाकडे गेल्यावर ती दोन मिनिटे मागे राहिली. म्हणाली, “मॅडम, मला काय करायचंय ते मलाही अजून माहीत नाही. पण ते माहीत नसायला पांडुरंगाला किती वर्षं मिळाली.”

आम्ही आजवर पांडुरंगाविषयी जे काही वाचले आहे, त्यात इतके नेमके काही आमच्या वाचनात आलेले नाही. आणि ते ऐकताना आम्ही काय करत होतो, तर तिच्या येणेबाकीच्या कागदावर सही करत होतो.

आम्ही काही करू शकलो असतो का, असा प्रश्न पडतो. तिचे वय एकोणीस होते. कायद्याने ती सज्ञान होती आणि तिने तोंडाने नकार दिलेला नव्हता. वडील वाईट नव्हते. त्यांच्या घरी जाऊन पुन्हा बोलता आले असते. वसतिगृहाचे, शिष्यवृत्तीचे काही सुचवता आले असते. निदान तिच्या वतीने ‘तिला अजून माहीत नाही, आणि माहीत नसण्यासाठीच तिला वेळ द्या’ असे म्हणता आले असते. हे शेवटचे वाक्य म्हणायला पैसे लागत नव्हते. तरीही सुचले नाही, कारण त्या क्षणी आम्हांलाही वडिलांचाच प्रश्न योग्य वाटला होता. मुलीने शिकायचे तर कशासाठी, हे तिला सांगता आले पाहिजे. मुलग्यांच्या बाबतीत हा प्रश्न आमच्या विभागात कोणी विचारल्याचे आठवत नाही. नापास होऊन तिसऱ्यांदा परीक्षेला बसणारी मुले आमच्याकडे दर वर्षी असतात, आणि त्यांच्याकडे पाहून आम्ही प्रेमाने ‘आमचा पांडुरंग’ म्हणतो.

*

जानेवारीत तिचा धाकटा भाऊ पुस्तक परत करून गेला. ग्रंथपालांनी ते आमच्याकडे पाठवले, कारण शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने काहीतरी लिहिले होते आणि त्यांना दंड लावायचा की नाही ते विचारायचे होते. बारीक अक्षरात आकड्यांची एक उभी ओळ होती. पानांचे क्रमांक. डोक्यावर फक्त ‘मनी’ असे लिहिलेले. कादंबरीत जिथे जिथे मनी येते, नुसती येऊन जाते, एखाद्या ओळीत, हाकेत, आठवणीत, तिथल्या पानांची यादी. आत त्या त्या ठिकाणी समासात एक टिंब. टीपा नाहीत, शेरे नाहीत.

तिने मनीची कादंबरी करता येईल का ते पाहिले होते, असे आम्ही समजलो. तेवढी पाने सलग वाचून पाहा, ती यादी घेऊन आम्ही वाचली. एक मुलगी दिसते, दिसते न दिसते तोच नाहीशी होते. तिला काय हवे होते याचा पत्ता लागत नाही.

त्यानंतर आमच्यातल्या एकाने आपल्या मोठ्या बहिणीला फोन केला. तिला घरात अक्का म्हणतात. ती दहावीनंतर घरी बसली. त्या वर्षी उसाचे बिल उशिरा आले होते आणि धाकट्याला पुढे शहरात ठेवायचे घरात ठरू लागले होते. पुढे त्याच्या वसतिगृहाचे पैसे जात राहिले, त्यात तिच्या न झालेल्या शिक्षणाचेही पैसे होते. तिचे लग्न ठरले ते २००१ सालीच. म्हणजे तो वसतिगृहातल्या खाटेवर मनीच्या मृत्यूची पाने वाचून रडत होता, त्याच सुमारास. तो दोन दिवस लग्नाला गेला आणि परीक्षेसाठी परत आला. या दोन गोष्टी परस्परांशेजारी ठेवायला त्याला सोळा वर्षे आणि एक विद्यार्थिनी लागली. वाङ्मयाने माणूस संवेदनशील होतो, असे आम्ही प्रथम वर्षाच्या पहिल्या तासाला सांगतो.

त्याने विचारले, “अक्का, दहावीनंतर तुला काय करायचं होतं गं?”

अक्का हसली. म्हणाली, “तालुक्याला शिवणाचा क्लास होता, तो लावायचा होता.”

“शिवणाची आवड होती तुला?”

“छे रे. रोज एस.टी.नं जायला मिळालं असतं. क्लास कसलाही चालला असता.”

एस.टी.च्या खिडकीतून रोज अर्धा तास बाहेर पाहत जाणे, हे पुण्यात रात्री टेकडीवर भटकण्याहून फार वेगळे आहे असे आम्हांला वाटत नाही. पण पांडुरंगाला टेकडीवर जाण्यासाठी कोणत्याही क्लासचे नाव सांगावे लागले नाही. अक्काला सांगावे लागले असते; आणि नाव सांगूनही जाऊ दिले गेले नाही. व्यक्तीची इच्छा विरुद्ध समाजाची अपेक्षा, अशी रेघ आम्ही फळ्यावर ओढत होतो ती या ठिकाणी मोडते. अपेक्षा दोघांवरही होती. कदाचित पांडुरंगावर अधिक जड होती. वंश, शेती, नाव त्याला चालवायचे होते. फरक असा की त्याच्या इच्छेला आकार येईपर्यंत घर थांबायला तयार होते. अक्काची इच्छा दाराशी आली तेव्हा तिच्याकडे आधी ओळखपत्र मागितले गेले.

*

‘कोसला’ आम्ही आजही शिकवतो. ती लहान झाली आहे असे वाटत नाही. नेमाड्यांना २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तेव्हा आम्ही विभागात पेढे वाटले होते, आणि तो आनंद आजही कमी झालेला नाही. उलट आम्हांला वाटते, की बहिणीच्या मृत्यूपुढे आपली सारी भाषा कमी पडते हे पांडुरंगाला कळते, म्हणजे ती यादी करण्याची जागा कादंबरीने स्वतःच उघडी ठेवली आहे. आम्हीच तिथे अस्तित्ववादाचा पडदा लावून बसलो होतो.

पहिल्या तासाला आता रेघ ओढत नाही. त्याऐवजी मुलांना सांगतो, की मनी कुठे कुठे येते ती पाने काढून आणा. आकडे जुळत नाहीत. प्रत्येकाला एखाददुसरी जागा सुटलेली सापडते. मग वर्गात वाद होतो, मुली बोलू लागतात. कधी एखादा मुलगा बोलतो. मागच्या बाकावरच्या एकाने एकदा आपल्या घरातल्या बहिणीविषयी चार वाक्ये सांगितली आणि खाली बसला. त्याने काही बदलते असे आम्ही म्हणत नाही. दाखले न्यायला वडील अजूनही येतात. मात्र ‘ती पुढे काय करणार आहे’ असे कोणी विचारले, की आता आम्ही खिडकीबाहेर पाहत नाही. ‘अजून ठरायचं आहे, तेवढा वेळ द्या’ असे म्हणतो. दोनदा घरीही जाऊन आलो. एकदा उपयोग झाला, एकदा झाला नाही.

त्या मुलीने बाहेरून फॉर्म भरला की नाही, ते आम्हांला ठाऊक नाही. तिचा दूरध्वनी क्रमांक आमच्या जुन्या हजेरीवहीत आहे. तो अजून लावलेला नाही. काय बोलायचे ते ठरत नाही, हे एक कारण आम्ही एकमेकांना सांगत असतो. आणि ही सबब आमच्याकडून इतकी वर्षे खपवून घेतली जाते आहे, हेही दिसते आहे.

पुस्तक ग्रंथालयात आहे. शेवटच्या पानावरची पेन्सिल पुसट होत चालली आहे. मागच्या वर्षी फाटकी पुस्तके बांधणीला काढली तेव्हा ते पान खोडरबराने स्वच्छ करायचे ठरत होते. तेवढे मात्र आम्ही करू दिले नाही.